दिवाळी ते दिवाळी

आमचे मामंजी, रुद्रय्या, मार्केट यार्डात गुळाची अडत चालवतात. सरकारला रुपया द्यायचा म्हटलं की त्यांना ताप भरतो. सुनेनं असं बोलू नये, पण साऱ्या यार्डाला हे माहीत आहे.

२००४ साली नवा नियम आला. बाजारात घेतलेले शेअर वर्षाहून जास्त ठेवून विकले तर नफ्यावर टॅक्स नाही, आधी विकले तर दहा टक्के. मामंजींना हा नियम खास आपल्यासाठीच काढल्यासारखा वाटला. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर त्यांनी शेअर घेतले, अर्धे स्वतःच्या नावावर, अर्धे आत्यांच्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, बसव्वा.

"वर्षानं विकायचं. टॅक्स शून्य, आन् तुझ्या हातात पाटल्या," ते म्हणाले.

दुकान काढताना आत्यांच्या पाटल्या मोडल्या होत्या, त्याला तीस वर्षं झाली. दर दिवाळीला नव्या पाटल्यांचा शब्द मिळायचा आणि दर दिवाळीला काहीतरी आडवं यायचं. आत्या नुसत्या हसल्या. मला मात्र त्यांच्या मनगटांकडे बघून वाईट वाटायचं.

शेअर झकास वर गेले. मामंजींचा हिशेब अगदी काठावरचा होता: दोघांच्या नफ्यात एकेक पाटली. पुढच्या लक्ष्मीपूजनाला ते विक्रीच्या स्लिपा घेऊनच घरी आले.

"कर सही. वर्ष भरलं."

"आज लक्ष्मीपूजन हाय. आज घरातनं मीठसुदिक कुणाला देत न्हाईत," आत्या म्हणाल्या.

"आगं, शेअर हाईत ते, मीठ न्हवं."

"घेताना लक्ष्मी म्हणून पुजली, आन् विकताना कागूद व्हय?"

आत्यांनी सही केली नाही. मामंजींनी आपले तेवढे विकले, आणि पाडव्याला ओवाळणीच्या तबकात नुसती सुपारी ठेवून ऐटीत म्हणाले, "पैसं आलं की गुजरीत, सोनाराकडं. तुझं तू बस धरून."

भाऊबीज झाली आणि त्यांचं टॅक्सचं काम बघणारा अतुल फराळाला आला. मामंजींनी आपला पराक्रम सांगितला. अतुलची चकली हातातच राहिली.

"काका, घेतलं कवा?"

"लक्ष्मीपूजनाला."

"तारीख सांगा की."

कागद काढला. घेतले बारा नोव्हेंबरला, विकले एक नोव्हेंबरला.

"वर्ष कुठं झालं? अकरा दिवस कमी हाईत. शॉर्ट टर्म. दहा टक्के भरायला लागतंय."

"दिवाळी ते दिवाळी वर्ष न्हवं? माझ्या आज्यानं ह्याच हिशेबानं धंदा केला."

"सरकार पंचांग बघत न्हाई, काका."

एरवी मामंजी टॅक्सच्या नावानं शिव्या देतात, तेव्हा मला हसू येतं. त्या दिवशी नाही आलं. ते आत्यांच्या हातांकडे बघत होते.

अतुलनं आत्यांना विचारलं, "काकू, तुमचं विकलं न्हाई न्हवं? मग बारा तारीख उलटू द्या, आन् खुशाल विका. एक पैसा टॅक्स न्हाई."

आत्यांनी त्याच्या ताटात आणखी एक लाडू ठेवला. अडाणी म्हणून मामंजींनी चार दिवस त्यांना हिणवलं होतं, त्याबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर बोलले असते.

बारा तारीख गेल्यावर त्यांनी विकले. तोवर भाव अजून चढला होता, त्यामुळे मामंजींच्या पाटलीत टॅक्सनं पाडलेलं भगदाडही त्यातच बुजलं. आम्ही गुजरीत गेलो. मामंजींनी सोनाराच्या हातातून पाटल्या घेतल्या आणि स्वतः आत्यांच्या हातात चढवल्या. दुकानात चारचौघं बघत होती, म्हणून त्यांनी घसा खाकरला.

"ह्या लगेच मोडायच्या न्हाईत. सोनं लाँग टर्म व्हायला तीन वर्षं लागत्यात, अतुल म्हणत होता."

आत्या पाटल्या फिरवून बघत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तीस वर्षं थांबलोय की मी," त्या म्हणाल्या. "मला लाँग टर्म शिकवू नगासा."