फासा फ्रीजखाली गेला तेव्हा

मी एक जुना फासा आहे, मित्रांनो. तुमच्या सापशिडीच्या फाशाला सहा बाजू असतात, मला वीस आहेत. प्लास्टिकचा पातळ रस साच्यात ओतून मला घडवलं, प्रत्येक बाजूवर आकडा कोरला आणि त्यात पांढरा रंग भरला. बंगळुरूत इंदिरानगरच्या एका दुकानातून पवित्राने मला घेतलं आणि जे. पी. नगरला तिच्या इंदिरामावशीच्या घरी आणलं.

आमचा खेळ असा असतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी वाटाड्या, कुणी व्यापारी. पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली, की मला टाकायचं. मोठा आकडा पडला तर जमलं.

गोष्ट इंदिराबाई सांगायच्या. त्या आकडे फार बघायच्या नाहीत, तोंडं बघायच्या. खेळायला येणारा आयटीतला अद्वैत चुळबुळ करू लागला, की दारात शत्रू उभा राहायचा. पवित्रा नकाशावर बोट फिरवू लागली, की जंगलात नवी वाट निघायची. तिसरा संतोषकुमार, त्याचं घर बिदरकडचं आणि इथं विजेच्या सामानाचं दुकान. तो गप्प झाला, की त्याच्याशी बोलायला गोष्टीतलं कुणीतरी यायचं. मी कधी कधी तासभर नुसता पडून असायचो. पण टाकलं, की सगळे श्वास रोखून माझ्याकडे बघायचे. याहून मोठा मान फाशाला नसतो.

इंदिराबाईंचे यजमान कृष्णाजी खेळत नसत. ते स्वयंपाकघरात कॉफी करत. बाहेर शांत झालं की ट्रे घेऊन यायचे.

"थांबला ना खेळ? घ्या कॉफी."

"अहो, आत्ता तर रंगलाय!" इंदिराबाई हसायच्या.

मागच्या वर्षी इंदिराबाई गेल्या. दोन महिन्यांनी कृष्णाजींनी सगळ्यांना फोन केला. "रविवारी या. गोष्ट मी सांगतो."

आणि तिथेच चुकलं, मित्रांनो. इतकी वर्षं त्यांना आत फक्त माझा खडखडाट आणि आरडाओरडा ऐकू गेला होता. त्यांना वाटलं, खेळ म्हणजे तेवढंच. मधली शांतता म्हणजे कॉफीची सुट्टी. मग त्यांच्या गोष्टीत एक राक्षस आला, मग दुसरा, मग त्या दुसऱ्याचा भाऊ. म्हातारीला रस्ता विचारायचाय? टाक फासा. दार ढकलायचंय? टाक फासा. माझा एक कोपरा झिजला, आकड्यांचा रंग उडाला. इतका मी कधीच फेकला गेलो नव्हतो आणि माझ्याकडे इतकं कमी कुणी कधी बघितलं नव्हतं.

एका रविवारी कृष्णाजी कॉफीला आत गेले, तेव्हा तिघे हळू आवाजात बोलू लागले.

"मला मारामारी आवडते, पण ही बोअर मारामारी आहे," अद्वैत म्हणाला. "आज सांगून टाकू या. पुढच्या रविवारपासून नको."

"कोण सांगणार? तू?" पवित्राने विचारलं.

"सांगतो मी."

"कृष्णाजीअण्णांकडे दुसरं येतं कोण रे?" संतोषकुमार म्हणाला. "स्वल्प, थोडं थांब की."

कृष्णाजी आले. घाईघाईने त्यांनी चौथा राक्षस उभा केला आणि मला असं जोरात फेकलं, की मी टेबलावरून उडालो आणि थेट फ्रीजखाली गेलो. अद्वैतने झाडूची काठी घातली. मी आणखी आत गेलो.

"फोनवर फासा आहे की," तो म्हणाला.

"मावशीच्या घरात फोनचा फासा नको," पवित्रा म्हणाली. "काका, तोवर असंच सांगा. राक्षसाच्या मागे काय आहे?"

कृष्णाजी गडबडले. "मागे... नदी आहे."

"पलीकडे?"

"बेट. त्यावर दिवा दिसतोय."

पवित्राने नकाशा पुढे ओढला. मी अंधारात, धुळीत पडून ऐकत होतो. नदीकाठी लव्हाळं उगवलं. राक्षस कुठे गेला ते कुणी विचारलंसुद्धा नाही. काठाला एक होडी होती आणि तिच्याजवळ म्हातारा नावाडी बसला होता.

"काय हो नावाडीअण्णा," संतोषकुमारने विचारलं, "होडी बांधून का ठेवली?"

कृष्णाजींचा हात सवयीने टेबलावर मला शोधत फिरला. मी नव्हतो.

"ती गेल्यापासून सोडली नाही," ते सावकाश म्हणाले. "वल्हं तीच मारायची. मी काठावर बसून चुलीवर काहीतरी ठेवायचो. मला वल्हवता येत नाही."

आत नळ ठिबकत होता. तोही ऐकू येत होता.

"मी तलवार खाली ठेवतो," शेवटी अद्वैत म्हणाला. "मलाही येत नाही. पण आपण दोघे मिळून बघू. चला, बसा."

होडी निघाली. मध्यावर पोचली, तेव्हा कृष्णाजींनी तिघांच्या तोंडांकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाण्याखालून काहीतरी मोठं होडीकडे येतंय."

"फासा!" तिघे एकदम ओरडले.

फ्रीजमधल्या बाटल्या काढल्या, दोघांनी फ्रीज पुढे ओढला. पवित्राने मला उचलून दुपट्ट्याने पुसलं. अद्वैतने मला टाकलं आणि सगळ्यांचे श्वास थांबले.

तीन पडले. होडी उलटली. इतका वाईट आकडा पडूनही सगळे एवढे हसले, की कृष्णाजींनी चष्मा काढून डोळे पुसले.

निघताना अद्वैत दारात घुटमळला. कृष्णाजींनी विचारलं, "काही सांगायचं होतं का रे?"

"हो. पुढच्या रविवारी कॉफी मी करतो. तुम्ही उठू नका."

"सरी, ठीक आहे," कृष्णाजी म्हणाले. तिघे गेल्यावर खुर्चीत बसून त्यांनी केवढा मोठा श्वास सोडला!

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला जपायचं म्हणजे डबीत कोंडायचं नाही आणि उठसूट फेकायचंही नाही. खरंच अडेल तेव्हा मला जरूर बोलवा. पण समोरचा माणूस जे स्वतः सांगू शकतो, ते मला विचारू नका. त्यालाच विचारा आणि तो बोलेपर्यंत थांबा.