तलाठ्याची धुळवड

धोंडीबाच्या बोकडाचं नाव तलाठी. नाव गावानं ठेवलं होतं आणि ते रास्तच होतं. कुणाच्याही रानात न विचारता शिरायचं, या बांधापासून त्या बांधापर्यंत दाढी हलवत फिरायचं आणि हाकललं तरी तोऱ्यातच निघायचं, हा त्याचा रोजचा कार्यक्रम.

येलदरी धरणाच्या पाण्याकाठच्या त्या गावात धोंडीबाची चाळीस शेरडं होती, पण त्याचा जीव या एकट्यात गुंतलेला. जन्मतानाच याची आई गेली, तेव्हा धोंडीबानं दोन महिने बाटलीनं दूध पाजून, आपल्या वाकळेत घेऊन त्याला जगवलं. लेक दीपिका तान्ही होती तेव्हा तिच्यासाठी एक रात्र जागला नाहीत, असं त्याची बायको बानूबाई त्याला अधूनमधून ऐकवायची. 

आता त्याच दीपिकेची लग्नानंतरची पहिली धुळवड आली होती. जावई सुरज मानवतहून जेवायला येणार होता. बानूबाईनं दिवाळीतच ठरवून टाकलं होतं की या जेवणाला तलाठी कापायचा. सोयरीक जुळली त्या दिवशी ताटात वरण बघून विहीणबाई हसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, की चाळीस शेरडांच्या घरी हे बरं जेवण. ते हसणं बानूबाईच्या काळजात रुतून बसलं होतं. बाकीचे बोकड संक्रांतीलाच बाजारात गेले होते, उरल्या त्या गाभण्या नाहीतर दुभत्या शेळ्या. विकतचं मटण आणावं, असं धोंडीबानं एकदा सुचवून बघितलं. दावणीला बोकड असताना पिशवीतून मटण आणलं तर सोयरे तोंडात शेण घालतील, असं तिनं सांगितलं आणि विषय मिटवला.

मग धोंडीबाला आठवलं, की सुरजला मरळ मासा फार आवडतो असं दीपिका फोनवर म्हणाली होती. त्यानं ते बानूबाईच्या कानावर घातलं. ती कणीक मळत होती, तिनं मान वर केली नाही.

"विकतचा न्हाई चालायचा. तुमच्या हातानं धरून आणा, मग सोडते तुमच्या लेकराला," ती म्हणाली.

हे ती निव्वळ चिडवायला बोलली होती. गुडघाभर पाण्यापलीकडं धोंडीबा जन्मात कधी गेला नव्हता. पण तिला एक गोष्ट माहीत नव्हती. शेरडं चारताना झाडाखाली बसून हा गडी गेली दोन वर्षं मोबाईलवर एकच गोष्ट बघत होता. कुठल्यातरी थंड मुलखातलं समुद्राएवढं तळं, मागं बर्फाचे डोंगर आणि लाल जाकिटातले दोन गोरे म्हातारे. नावेच्या मागं लांब दोऱ्या सोडायच्या, दोऱ्यांना चकचकीत पत्रे लावायचे आणि नाव सावकाश चालवत राहायचं. पळता पत्रा बघून माशाला वाटतं की बारका मासाच पळतोय, आणि तो झडप घालतो. त्यांची भाषा धोंडीबाला ओ की ठो कळत नव्हती. ट्राउट आणि सामन ही माशांची दोन नावं तेवढी पाठ झाली होती. सामन हा मरळीचाच थोरला भाऊ असणार, असं त्यानं आपल्यापुरतं ठरवूनही टाकलं होतं. थंडी सरली की मासा काठाला येतो, हेही त्याला त्या म्हाताऱ्यांच्या हातवाऱ्यांवरून समजलं होतं.

नाव नव्हती, आणि असती तरी हा तीत बसला नसता. पण म्हाताऱ्यांकडं एक फळीही होती. तिला दोरी तिरपी बांधून ओढली की ती जवळ न येता बाजूला, आत आत सरकत जायची. मग तीच फळी काठानं चालत का ओढू नये? धोंडीबानं मोडका पाट काढला, तो पाण्यात उभा राहावा म्हणून खाली लोखंडी पट्टी ठोकली, आणि बन्सीधर भोयाकडून नायलॉनची दोरी न् एक दणकट गळ मागून आणला. चकचकीत पत्रा मात्र कुठंच मिळेना. शेवटी त्यानं बानूबाईची ट्रंक उघडली. तिच्या भावानं, नागनाथनं, घरभरणीला दिलेले सहा स्टीलचे चमचे आत फडक्यात गुंडाळून ठेवले होते. प्रत्येकाच्या वाटीमागं त्याचं नाव कोरलेलं. सोळा वर्षांत त्या चमच्यांना कुणाचं तोंड लागलेलं नव्हतं. धोंडीबानं एक उचलला, वेल्डिंगवाल्याकडून दांडा कापून घेतला, भोकं पाडून घेतली, आणि वाटी धोतराच्या घडीत लपवून घरी आला.

धुळवडीच्या दिवशी तो उजाडतानाच तलाठ्याला घेऊन पाण्यावर गेला. कापणारा दहाला येणार होता आणि लेक-जावई बाराच्या एसटीनं. मागं गळ न् चमच्याची वाटी घेऊन फळी खरोखरच आत सरकली. धोंडीबाला एवढा आनंद झाला, की मासा धरायचाय हे तो घटकाभर विसरूनच गेला. पहिल्या फेरीत बेशरमाची फांदी अडकली. दुसऱ्या फेरीत एक चप्पल आली, तीही डाव्या पायाची. तोवर बन्सीधर जाळी वाळत घालायला आला होता. काय करायलात म्हणून त्यानं विचारलं. धोंडीबानं सामन धरायलोय म्हणून सांगितलं, तसा तो जाळी खाली टाकून बघतच बसला.

नऊ वाजून गेले. धोंडीबाचे तळहात सोलून निघाले होते. तलाठी शेजारून निवांत चालत होता, मधूनच त्याच्या धोतराला तोंड लावत होता. त्याच्याकडं बघून धोंडीबाला भडभडून आलं. तासाभरानं हा नसेल, आणि सुरज जेवत असताना आपल्याला हसऱ्या तोंडानं आग्रह करावा लागेल, या विचारानं तो जागीच थांबला. तंबाखू मळावी म्हणून त्यानं दोरीचं टोक तलाठ्याच्या गळपट्ट्यात अडकवलं. तलाठी पुढं चालतच राहिला. त्याची चाल एका लयीतली, न घाई न थांबा, अगदी त्या म्हाताऱ्यांच्या नावेसारखी.

आणि दोरीला हिसका बसला. तलाठ्याला आजवर मागून कुणी ओढलेलं नव्हतं. हा अपमान त्याला सोसला नाही. तो एकदा मोठ्यानं ओरडला आणि समोरच्या टेकाडाकडं जो उधळला, तो थेट वरच्या बाभळीपाशीच थांबला. त्याच्या मागं दोरी, दोरीमागं फळी आणि फळीमागं तीन किलोची जिवंत मरळ दगडगोट्यांवरून उड्या मारत वर गेली. धोंडीबाच्या हातातली तंबाखू सांडली.

घरी पोचला तेव्हा कापणारा ओट्यावर चहा पीत होता. बानूबाईनं मरळीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. बन्सीधर गंमत बघायला मागोमाग आलाच होता, आणि त्याच्या पोटात काही राहत नसे. मासा धोंडीबानं नाही, बोकडानं धरला, हे त्यानं लगेच सांगून टाकलं.

"म्या तुमच्या हातानं म्हणलं हुतं," बानूबाई म्हणाली.

"तलाठी काय परका हाय?" धोंडीबा म्हणाला.  तिनं कापणाऱ्याला गुळाचा खडा हातावर देऊन वाटेला लावलं आणि मासा साफ करायला घेतला. मरळीच्या जबड्यात गळ होता, आणि गळाला चमच्याची वाटी. तिनं ती धुतली, उलटी केली, आणि भावाचं नाव वाचलं. धोंडीबा दारात उभा राहून हे सगळं बघत होता. तिनं वाटी मांडणीवर ठेवली. बानूबाई गप्प बसली की गावही वाट बदलून जायचं.

जेवण झकास झालं. सुरजनं चार भाकरी खाल्ल्या आणि तलाठ्याची हकिकत दोनदा सांगायला लावली. हात धुता धुता म्हणाला, "मामा, पुढच्या रविवारी आई, दादा, चुलते, समद्यास्नी घेऊन येतो. आठजण हुतील. लय खूश हुतील बघा."

धोंडीबानं मनात हिशोब केला. आठ माणसं आणि त्यांत विहीणबाई! एक मरळ काय पुरणार? बानूबाई उठून आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. सुरा त्याच ट्रंकेत असायचा. धोंडीबानं दाराबाहेर बघितलं. तलाठी उन्हात बसून दोरीचं उरलेलं टोक चघळत होता.

बानूबाई बाहेर आली आणि फडक्यातले पाच चमचे नवऱ्याच्या पुढ्यात ठेवले.

"एका चमच्यानं आठ माणसं भागायची न्हाईत," ती म्हणाली. "हे बी बांधा. अन् तलाठ्याला आठ दिवस पेंड चालू करा."