एका झोपाळ्याची बाग

आमच्या गावाने एका माणसाला हाकलायला बाग बांधली. बाग कसली डोंबलाची! एक झोपाळा आणि एक बाक. लहान मुलांवर अत्याचार केल्याची ज्याची सरकारदरबारी नोंद आहे, त्याला शाळेपासून किंवा बागेपासून हजार फुटांच्या आत राहता येत नाही, असा आमच्या फ्लोरिडातल्या गावचा कायदा. अशी नोंद असलेला हॉब्स तुरुंगातून सुटून गावात आपल्या आईकडे राहायला आला, आणि जवळपास ना शाळा, ना बाग. मग माझ्या वेंडल मामाने आपल्या घराशेजारची मोकळी जागा गावाला देऊन टाकली. मामा चर्चमधलं बडं प्रस्थ. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

उद्घाटनाला शेरीफचा, म्हणजे पोलिसप्रमुखाचा, माणूस अंतर मोजायची टेप घेऊन आला. हॉब्सचं घर हद्दीत आलं. त्याने गादी गाडीत टाकली आणि तो निघून गेला. मला त्याची दया आली नाही. त्याने केलं ते केलंच होतं. पण निदान त्याचं नाव गावाला पाठ होतं.

"पहिला झोका आमच्या जोसीचा!" मामा ओरडला. "ये गं साखरे, मामाआजोबा ढकलतो तुला."

माझी सहा वर्षांची पोर धावत सुटली आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी नऊ वर्षांची असताना हाच मामा मला होडीच्या शेडमध्ये न्यायचा. अख्खा उन्हाळा. आईला सांगितलं, तर तिने माझं तोंड धुतलं आणि म्हणाली, "घरातलं घरात राहू दे."

मी जोसीला मध्येच उचललं. "हिला हात लावायचा नाही!"

"ऊन लागलं वाटतं बाईसाहेबांना," मामा म्हणाला. लोक हसले.

मी शेरीफच्या माणसाकडे वळले. "टेप गुंडाळू नका. इथून याच्या दारापर्यंत मोजा. मी लहान असताना याने माझ्यावर हात टाकलाय."

हसणं थांबलं. तो माणूस खाली बघत पुटपुटला, "बाई, यांचं नाव नोंदीत नाही."

"नाही ना! म्हणून तर याला बाग बांधता आली!"

आई लगबगीने आली आणि तिने माझा दंड आवळला. "डार्ला, हळू बोल. पोरं ऐकतायत."

"ऐकू देत," मी म्हणाले, आणि मामाचं पूर्ण नाव घेऊन पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.