सव्वा टनाचा साक्षीदार

मी चुंबक बोलतोय. कपाटाच्या दाराला असतो तसला नव्हे. सव्वा टन लोखंड आणि त्यावर तांब्याच्या तारेची जाडजूड वेटोळी, असा मी. वीज सोडली की चुंबक, बंद केली की नुसतं धूड. माणसांचं तसं नसतं. आतलं सगळं बंद पडलं तरी त्यांचं तोंड चालूच राहतं.

माझा जन्म ओतशाळेतला. ओतणारे दोघे सख्खे भाऊ. दिवसभर एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे, पण रस ओतताना एक अक्षर बोलायचे नाहीत. मी पाहिलेली ती पहिली शहाणी माणसं. त्यानंतर फारशी पाहिली नाहीत.

मला प्रयोगशाळेत तळमजल्यावर ठेवलं, कारण वरच्या जमिनीला माझं वजन पेलत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्यांना तसं कुठलंच वजन पेलत नव्हतं.

माझं काम सांगतो. नीट ऐका, दोनदा सांगायची मला सवय नाही. माझ्या दोन लोखंडी जबड्यांमध्ये मोहरीएवढा किरणोत्सारी कण ठेवतात. त्यातला अणुगर्भ जादा ऊर्जेने फुगलेला असतो. ती तो दोन टप्प्यांत टाकतो. आधी एक गॅमा किरण, मग सेकंदाचे काही अब्जांश थांबून दुसरा. त्या थांब्यात तो गर्भ स्वतःच एक चिमुकला चुंबक असतो, आणि मी त्याला भोवऱ्यासारखा फिरवतो. तो जितका फिरेल तितकी दुसऱ्या किरणाची दिशा वळते. मग वीज उलटी सोडतात, मी त्याला उलटा फिरवतो. दोन्ही मोजण्यांतला फरक काढला की गर्भाच्या चुंबकाचा जोर कळतो. बस. एवढ्यासाठी माणसं डोक्याचे केस गमावतात.

किरण मोजायला माझ्या आजूबाजूला दोन यंत्रं. प्रत्येकात एक स्फटिक आणि त्यामागे काचेची नळी. ही नळी मोठी नाजूक. माझी नुसती झुळूक लागली तरी तिची मोजणी ढळते. म्हणून तिच्यावर खास धातूच्या पत्र्याचं कवच असतं. माझा बाहेर सांडणारा जोर ते पिऊन टाकतं.

आता माणसं. मोठे सर विभागाचे प्रमुख. या गर्भाचा जोर इतर म्हणतात त्याच्या दुप्पट आहे, असं त्यांनी वीस वर्षांपूर्वी कागदावर गणित मांडून सांगितलं होतं. लोक हसले होते. तरी ते रोज सकाळी यायचे, चहाचा कप माझ्या डोक्यावर टेकवायचे आणि विचारायचे, "काय गं, किती आला?"

"मोजतेय, सर."

"मोज, मोज. दुप्पटच येणार."

उत्तर आधीच ठाऊक आहे, तर मला वीज कशाला पाजता?

मोजणारी होती ती ताई. सगळे तिला ताईच म्हणायचे. सहा वर्षं ती याच एका आकड्यामागे होती. प्रबंधाची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. आकडा आला नाही तर सहा वर्षं पाण्यात.

तिसरा मिस्त्री. कामशाळेतला. हात सोन्याचा, पण तोंडाला कुलूप. दोन्ही चांगले गुण, पण चुकीच्या वेळी एकत्र आले.

ताई बहिणीच्या बाळंतपणाला आठवडाभर गेली. मिस्त्रीने साफसफाईसाठी एका नळीचं कवच उतरवलं, आणि ते हातातून निसटलं. फरशीवर आपटून चांगला बोटभर पोचा आला. मिस्त्रीने इकडेतिकडे पाहिलं, लाकडी हातोडी घेतली आणि पोचा असा काढला की बघणाऱ्याला शोधून सापडू नये. कवच जागेवर बसवलं. सांगायचं कशाला, काम तर झालं.

ताई परत आली, मोजणी सुरू झाली. आकडा दुप्पट.

सर अक्षरशः टाळ्या पिटत होते. "बघ! वीस वर्षं मला वेड्यात काढलं लोकांनी!" मीही फुगलो, खोटं कशाला बोलू. आजवर या लोकांनी मला नीट वापरलंच नव्हतं, आता कुठे माझा खरा जोर दिसला, असं वाटलं.

ताई मात्र वही चाळत होती. "सर, रजेआधी निम्मा येत होता."

"तेव्हा मोजणी कमी झाली होती."

"कमी झाली होती. चुकीची झाली नव्हती. सर, मी दुसरा कण ठेवून बघते. ज्याचा गर्भ थांबतच नाही, लगेच दुसरा किरण टाकतो. त्याला फिरायला वेळच नाही. फरक शून्य यायला हवा."

"आणि नाही आला तर?"

"तर आपण गर्भ मोजतच नाही, दुसरंच काहीतरी मोजतोय."

"महिन्यावर मुदत आलीय तुझी. हातात आलेलं उकरत बसू नकोस," असं म्हणून सर परगावी व्याख्यान द्यायला गेले. विषय अर्थातच दुप्पट आकडा.

ताईने कण बदलला. चार दिवस मोजलं. फरक शून्य आला नाही. चांगला भरघोस आला.

तेव्हा माझी मान खाली गेली. त्या ठोकलेल्या कवचातून माझाच जोर आत गळत होता. वीज उलटवली की गळतीही उलटायची, नळीची मोजणी दुसऱ्या बाजूला ढळायची, आणि वाटायचं गर्भच फिरतोय. त्या आकड्यातला निम्मा गर्भाचा होता, निम्मा माझा. जगाला नावं ठेवणारा मी, महिनाभर छातीठोकपणे खोटी साक्ष देत होतो.

ताईने एकेका नळीजवळची गळती तपासली, ज्या कवचातून माझा जोर झिरपत होता ते उतरवलं आणि कामशाळेत नेलं. परत आली ती मिस्त्रीला सोबत घेऊनच.

"काका, हे कोणी काढलं होतं?"

"का? खोट दिसतेय कुठे?"

"दिसत नाही, म्हणून तर विचारतेय."

मिस्त्रीने पत्र्यावरून अंगठा फिरवला. "पडलं होतं. ठोकून सरळ केलं. तीस वर्षं पत्रा ठोकतोय, ताई."

"हा ठोकायचा नसतो, काका. मार बसला की हा चुंबक अडवत नाही. परत खास भट्टीत तापवावा लागतो."

मिस्त्रीने कवच हलकेच खाली ठेवलं. मग म्हणाला, "मला कोणी सांगितलं नाही."

"नाही सांगितलं. मीच सांगायला हवं होतं."

"मग तुमचा प्रबंध?"

"परत मोजायचं."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेतून एक जुनं, धड कवच मागून घेऊन आला. बसमध्ये तान्ह्या बाळासारखं मांडीवर धरून आणलं म्हणे.

सर परतले. ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "तीनशे लोकांसमोर सांगून आलोय मी!"

"मग त्या तीनशे जणांना कळवावं लागेल, सर."

"तू कळव. माझं नाव नको त्यात."

"बरं," ताई म्हणाली आणि माझी वीज उलटवली. मोजणीची वेळ झाली होती.

अठरा दिवस मिळाले तिला. आकडा आला तो साधाच, जगाला माहीत असलेला, आणि कमी दिवस मोजल्यामुळे जरा सैल. परीक्षकाने शेरा मारला, "नवीन काही नाही." पदवी मिळाली, कौतुक नाही. कोणी हार आणला नाही. मिस्त्रीने तेवढं प्रबंधाचं एक पान तिच्याकडून वाचून घेतलं. मोजणी कशी बिघडली, ते त्या पानावर होतं. हातोडी कोणाची, ते नव्हतं. "कवचाची तपासणी मी केली नाही," एवढंच होतं.

आता वरच्या मजल्यावर नवा, वजनाने हलका चुंबक आलाय. मला जिन्याखाली ढकललंय. येणारे-जाणारे माझ्यावर छत्र्या वाळत घालतात. पुढच्या आठवड्यात मला तोडायला माणसं येणार आहेत. येऊ देत. पितळी पाटीबिटी लावायचा विचार कोणाच्या डोक्यात आला, तर तो तिथेच ठेवा. त्या पानावर माझ्याबद्दल एक ओळ छापलेली आहे: "चुंबकाच्या गळतीमुळे आकडा दुप्पट दिसला." माझ्याबद्दल कोणी लिहिलेलं तेवढं एकच खरं वाक्य. ते खोडू नका.