टोपलीचे कान आणि रानवेलीचा पीळ

या, थोडं पुढे सरकून बसा. फार मागे बसलं की गोष्ट अर्धीच पोचते. आज एका रानवेलीची हकीकत सांगायची आहे. देवाने तिला कणा दिला नाही, पण कवटाळायची ओढ अशी दिली की धरलेलं झाड वाळलं तरी ती त्याला सोडत नाही. रानाकाठची माणसं तिच्या बारीक फांद्यांनी कुंपणं बांधत, सालीचा दोर वळत, खोकला झाला की तिची फुलं उकळून पीत. आणि जाड वेलीचे टोपल्यांना धरायचे कान करत.

असे कान करणारा एक म्हातारा होता. हात थरथरायला लागले तसं त्याने ते काम सुनेकडे दिलं. टोपलीचं अंग ती दहा वर्षं विणत होती. कान मात्र आजवर त्याचेच. मोठं गिऱ्हाईक एकच, बेकरीवाली. भट्टीतले गरम पाव थेट या टोपल्यांत पडायचे.

सुनेने केलेल्या पहिल्याच खेपेतल्या तीन टोपल्या बेकरीवालीने परत आणल्या. कानांचा पीळ उलगडून वेलीची टोकं शेपटीसारखी बाहेर आली होती.

"भट्टीजवळ ठेवल्या की कान टाकतात," ती म्हणाली. "सोमवारी डझनभर दे. त्यातला एक कान जरी सुटला तरी मी प्लास्टिकचे क्रेट घेणार. राग मानू नकोस."

क्रेट आले की या घरातलं विणकाम संपलं, हे सुनेला कुणी सांगायला नको होतं.

"वेल कच्ची तोडलीस," सासरा म्हणाला.

"तुम्हीच निवडून दिलीत, बाबा."

"मग उकळली कमी."

"दुपारभर उकळली. शेजारीण विचारत होती, काय शिजतंय म्हणून."

"काय सांगितलंस?"

"सासऱ्यांचा काढा."

म्हातारा हसला, पण कोडं सुटेना.

सकाळी सून नवी वेल आणायला रानात गेली. कोयता झाडाला टेकवला आणि नुसतीच बघत राहिली. या झाडावरची वेल ज्या दिशेने वेढे घेत चढली होती, त्याच दिशेने पलीकडचीही. तिने सतरा झाडं पाहिली. एकही वेल उलटी नाही. मग एक कोवळा शेंडा सोडवून तिने मुद्दाम उलट गुंडाळला आणि डबा खात बसली. खाणं आटपेस्तोवर शेंड्याने ते वेढे सैल केले होते.

घरी येऊन तिने सासऱ्याची जुनी टोपली आणि आपली नवी शेजारी ठेवली. त्याचा पीळ वेलीच्या चालीने. तिचा नेमका विरुद्ध.

"पण मी तर तुमचंच बघून शिकले."

"कुठे बसून?"

"समोर. या स्टुलावर."

म्हाताऱ्याने तिची टोपली उचलून कानाच्या पिळावरून बोट फिरवलं. "म्हणजे आरशात बघून शिकलीस, माझं उजवं ते तुझं डावं. अंगाच्या विणीला ते चाललं, वेलीला कसं चालेल? स्टूल मी ठेवलं होतं, पोरी. चूक माझी आहे."

त्याने स्टूल पायाने ढकलत आपल्या उजव्या हाताशी आणलं. तिथे बसून तिने पहिला कान वळला, आणि वेल विरोध न करता वळत गेली.

सोमवारी ती स्वतः भट्टीपाशी उभी राहिली. पाव आले, टोपल्या तापल्या. बेकरीवालीने एकेक कान धरून हिसका दिला.

"नवऱ्याचेही एवढ्या जोरात नाही ओढले कधी," ती म्हणाली. बारा टोपल्यांपैकी एकीचाही कान हलला नाही. "पुढच्या सोमवारी अजून डझनभर."

पुढे त्या घरी विणकाम शिकायला बरीच जणं आली. म्हातारा प्रत्येकाला आधी बाजूला बसवायचा आणि आपली चूक स्वतःच सांगायचा, लपवायचा नाही.

तर मंडळी, टोपली कानाला धरून उचलाल तेव्हा त्या म्हाताऱ्याचं नाव मनात घ्या. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. ज्या देवाने ऐकायचं, तो ओळखतो.