खूण दिसते, आकडा उतरतो

मी एका जुन्या गाडीतला यूएसबी पोर्ट आहे. रेडिओच्या खाली नखाएवढी चौकोनी फट दिसते ना, तोच मी. मित्रांनो, माझा जन्म गाण्यांसाठी झाला. कारखान्यात मला बसवले तेव्हा वीजही दिली ती गाणी ऐकवण्यापुरती, चिमूटभर. फोनचे पोट भरायचे काम शेजारच्या थोरल्या पोर्टचे. त्याच्या अंगात माझ्या चौपट जोर होता.

सुरुवातीची वर्षे मजेत गेली. आमच्या मालकीणबाई चित्रकला शिकवतात. शाळेत जाताना त्या माझ्यात गाण्यांचा पेनड्राइव्ह खुपसत आणि सिग्नलला थांबल्या की मोठ्याने गात. सूर कसा होता ते विचारू नका. पुढे त्या गाणी फोनवरच ऐकू लागल्या आणि मला कुणी विचारीनासे झाले. तोंडात धूळ साचली, बिस्किटाचा चुरा अडकला. मग एके दिवशी त्यांच्या लेकीने थोरल्याच्या तोंडात केसांची पिन घातली. ठिणगी उडाली आणि थोरला कायमचा गप्प झाला. पुढच्या सर्व्हिसिंगला बघू असे ठरले, पण ते सर्व्हिसिंग काही उजाडले नाही.

तेव्हापासून फोनचा भार माझ्यावर आला आणि माझ्या मनात भीती शिरली. वायर लावली की फोनवर विजेची खूण उमटते आणि माणसे निर्धास्त होतात. पण नकाशा चालू असेल तर मी देतो त्यापेक्षा फोन जास्त खातो. खूण दिसत राहते आणि बॅटरीचा आकडा उतरत जातो. हे ओरडून सांगायला मला तोंड आहे, आवाज नाही.

मालकीणबाईंचे बाबा पूर्वी घड्याळे दुरुस्त करत. आता दुर्बीण घेऊन डोंगरात पक्षी बघत हिंडतात. गुडघा कसा आहे असे मालकीणबाईंनी विचारले की ठणठणीत म्हणतात आणि विषय बदलतात. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. घाटमाथ्याजवळ, रस्त्याखालच्या उतारावर ते पडले होते, पाय हलत नव्हता, धुके उतरत होते. त्यांनी नकाशावर ठिकाण पाठवले. रुग्णवाहिका शहरातून यायला वेळ लागणार होता, म्हणून मालकीणबाई नवऱ्याला घेऊन तशाच निघाल्या. घाईत त्याचा फोन घरी राहिला आणि बाईंच्या फोनमध्ये जेमतेम जीव होता.

त्यांनी वायर माझ्यात घातली. खूण उमटली आणि फोन समोर ठेवला गेला. घाट सुरू झाला तेव्हा त्यांचे लक्ष आकड्याकडे गेले.

"अहो, हा चार्ज होतोय की उतरतोय?"

नवरा म्हणाला, वायर हलवून बघ. त्यांनी हलवली, तर चुऱ्यामुळे माझी पकडच सुटली. माझी पाचावर धारण बसली. हा फोन मेला तर धुक्यात त्या म्हाताऱ्याला शोधायचे कसे? त्यांनी वायर पुन्हा दाबली, तेव्हा कुठे खूण परत आली.

फोन बंद ठेवला तर त्याचे खाणे थांबेल, हे त्यांच्या ध्यानात आले. घाट चढेपर्यंत रस्त्याला फाटा नव्हता, नकाशा लागणार नव्हता. पण मधेच बाबांनी फोन केला तर? त्यांनी आधी बाबांनाच फोन लावला.

"बाबा, मी थोडा वेळ फोन बंद ठेवतेय. झोपायचं नाही हं. बरे आहात ना?"

"ठणठणीत आहे," बाबा म्हणाले. मग हळूच म्हणाले, "लवकर ये गं पोरी. थंडी वाजतेय."

फोन बंद झाला. मी होते नव्हते ते सगळे देत राहिलो. प्रत्येक खड्ड्याला वाटे, आता पकड सुटणार.

घाटमाथ्यावर त्यांनी फोन चालू केला. आकडा थोडासा चढला होता. नकाशातले ठिकाण अगदी जवळ आले, पण काचेपलीकडे नुसते पांढरे धुके होते. गाडी थांबली. मालकीणबाईंनी वायर उपसली, दार उघडले आणि बाबांना फोन लावला. तो कुणी उचलला नाही. पण बाबांच्या फोनची रिंग भिंतीवरच्या घड्याळासारखी टोले देते. खालच्या धुक्यातून ते टोले ऐकू आले. थांबले. त्यांनी पुन्हा फोन लावला, पुन्हा टोले पडले, आणि दोघे त्या आवाजाच्या रोखाने उतरले.

माझे तोंड रिकामे होते आणि मी नुसता ऐकत होतो. किती वेळाने कोण जाणे, बाबांचा खोकला ऐकू आला.

त्यांना मागच्या सीटवर निजवून शाल पांघरवली. मालकीणबाई त्यांचे गार हात चोळत होत्या.

"बाबा, गुडघा कधीपासून दुखतोय? खरं सांगा."

"वर्ष झालं," बाबा म्हणाले.

मित्रांनो, आमच्या तोंडात पिना घालू नका, धूळ साचू देऊ नका, आणि लांब निघताना फोन घरूनच भरून घ्या. माझ्यावर फार विसंबू नका, माझी शक्ती तेवढीच. मालकीणबाई आता वायर लावली की खुणेवर थांबत नाहीत, आकडा बघतात. आणि बाबा ठणठणीत म्हणाले की पुन्हा विचारतात.