कुणी हाय?

घरातल्या बायका जमीन सारवतात, तशी माझी आई चाकांना वंगण घालायची. आमचं घर म्हणजे गाडीच होती. प्लेगात खानापुराकडच्या घरातली माणसं गेली, तेव्हा आबांनी दाराला बाहेरून कडी घातली, आईला आणि मला गाडीत बसवलं आणि बैल हाकले. आबांचा धाकटा भाऊ लखू, माझा काका, गाडीमागून चालत आला. ती कडी पुन्हा कुणी काढली नाही. पुढं सुपा, जोयडा, उळवी, जिकडं व्यापाऱ्याचा माल जाईल तिकडं आम्ही. पोत्यांवर निजायचं, तळ पडला की तीन दगडांची चूल मांडायची. पावसाळ्यात रस्ते बंद, तेव्हा सुप्याला एका व्यापाऱ्याच्या पडवीत गाडी उभी असायची आणि आम्ही त्या गाडीत. माझा भाऊ धाकलू तिथंच जन्मला. ते सुपा आता धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथले दगड दिसतात म्हणे. मी बघायला गेले नाही.

चाकावरच्या घराला रोज काहीतरी लागतं. वरच्या तट्ट्याच्या दोऱ्या पुन्हा आवळायच्या, खालची चटई शेणानं लिंपायची. उन्हात लाकूड आकसून चाकाची लोखंडी धाव खुळखुळायला लागली की चाकं काढून काळी नदीत निजवायची, म्हणजे पाणी पिऊन लाकूड फुगतं. पण खरं काम वंगणाचं. एरंडेल आणि पेंढ्याची राख कालवून ती बांबूच्या नळीत भरलेली असायची, आणि नळी गाडीखाली टांगलेली. काका खांदा लावून गाडी उचलायचा आणि कण्याखाली, म्हणजे चाकांच्या आसाखाली, टेकू द्यायचा. आई कण्याच्या टोकातली खीळ काढायची, चाक बाहेर ओढायची, जुनं काळं किटण पुसून नवं वंगण चोपडायची आणि चाक आत ढकलून खीळ परत घालायची.

या खिळीला आमच्यात कुणी म्हणतात. वीतभर लोखंड, पण ती नसली तर चाक कण्यावर राहील याचा भरवसा नाही. म्हणून उताराच्या तोंडाशी आबा गाडी थांबवून हाळी द्यायचे, "कुणी हाय?" मागं चालणारी आई दोन्ही बाजूंनी फिरून कुणीला हात लावायची आणि ओरडायची, "हाय." मग बैल उताराला लागायचे. ही हाळी मी इतकी ऐकली होती की तिच्यात शब्द आहेत हेच विसरले होते.

एका साली पावसाळ्यानंतर काकानं लग्न केलं. मुलगी जोयड्याच्या वरच्या डोंगरातली, कुणब्यांची. मंगल तिचं नाव. तिच्या गावाला गाडीवाट नव्हतीच, सगळं ओझं डोक्यावरून. आईबाप गेलेले, भावाच्या घरात राहायची. भावजय तिला मागच्या दाराशी पानावर जेवण टाकायची, कुत्र्याला टाकावं तसं.

गाडी हलायला लागली की काकी ओकायची. काका म्हणायचा, "बैल बरा, रवंथ करून गिळतो तरी. हिचं समदं भाईर."

"गप रे लख्या," आई म्हणायची. "तुज्या हळदीला तू पन ओकला हुतास. तितं कुटं गाडी हालत हुती?"

आबा हसले नाहीत. त्यांना हे लग्नच पसंत नव्हतं. माघात उळवीची जत्रा लागते, तिथल्या दुकानांसाठी तांदळाची पोती घेऊन आम्ही निघालो, तेव्हा चुलीपाशी ते आईला म्हणाले, "पायवाटेवर वाडलेली पोर हाय. चाकावरचं घर हिला पचायचं न्हाई. उळवीपत्तर बघू. येताना तिच्या गावची वाट लागंल, तितं उतरवू."

"दादा, बायकू हाय माजी, पोतं न्हवं," काका म्हणाला.

"पोत्याला काय शिकवावं लागत न्हाई," आबा म्हणाले.

काकी गाडीपलीकडं भांडी घासत होती. तिनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी नदीवर माझे केस विंचरताना ती हळूच म्हणाली, "रुक्मे, माका थंय परत जायाचं न्हाई गे. तुज्या आयेक सांग, माका समदं शिकव म्हणावं."

मी सांगितलं, आणि आईनं शिकवलं. टेकू कुठं द्यायचा, किटण कसं खरवडायचं, राख किती. "कुणी भुईवर ठिवू नको, गवतात गेली की गेली. कमरंला खोच," असंही सांगितलं. काकी हावरटासारखी शिकली. ओकणं थांबलं नव्हतं, पण ती चालत्या गाडीतून उतरायची, तोंड पुसायची आणि पळत येऊन पुन्हा बसायची. हात कोपरापर्यंत काळे असायचे. आई तिच्या कामावर खूश होती. आबा बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलायची रीतही नव्हती. त्यांना काही सांगायचं असलं तर ते आईला सांगत, आणि काकी उत्तर आईलाच देई.

कुंभारवाड्याच्या पुढं ओढ्याकाठी आमचा तळ पडला. पुढं मोठा उतार होता. सकाळी वंगणाला बसताना आई म्हणाली, "आज डावं चाक तू कर. मी उजवं करते."

मागं जत्रेच्या गाड्यांची रांग लागली होती. एक गाडीवान आबांना ओरडला, "काय गा उमाजी, चाकांना आंगूळ घालतोस का त्यांचं लगीन लावतोस? ऊन चडलं की."

"तुज्या चाकांचं रडणं खानापुराला ऐकू येतंय," आई म्हणाली. "घे की जरा वंगण, फुकट देते."

हसणं झालं. पण आबांना घाई झाली. त्यांनी बैल जुंपायला घेतले. काकीनं चाक आत ढकललं. काकानं लगेच टेकू काढला आणि तो दुसऱ्या चाकाकडं गेला. आईनं उजवं चाक आटोपलं. धाकलू रडायला लागला होता, म्हणून तिनं त्याला कडेवर घेतलं, माझा हात धरला आणि आबांना म्हणाली, "आमी म्होरं चालतो. मागं आज मंगल ऱ्हाईल. डावं चाक तिनंच केलंया."

आबांनी मान हलवली. काकीनं ते पाहिलं. तिचा तो चेहरा मला अजून आठवतो, गालाला वंगण लागलेलं आणि डोळे मोठे झालेले. त्याआधीच्या सगळ्या उतारांवर ती पोटात ढवळतं म्हणून आमच्या पुढं चालत निघून जायची. मागं राहायची ती तिची पहिलीच वेळ होती.

उताराच्या तोंडाशी आबांनी गाडी थांबवली. आम्ही वळणापर्यंत पोचलो होतो. हाळी ऐकू आली, "कुणी हाय?"

थोडं थांबून काकीचा आवाज आला, "हाय." मोठा, स्पष्ट आवाज. आई मला म्हणाली, "बघ, शिकली."

काका नेहमीसारखा डाव्या चाकाशी होता, चाकाखाली सरकवायचं लाकूड हातात घेऊन. त्याचं लक्ष त्या लाकडाकडं. कण्याच्या टोकावर ताजं वंगण, त्यावर धूळ बसलेली, तिथं काय आहे आणि काय नाही हे चालताना दिसण्यासारखं नव्हतं. आणि हाय हे त्यानंही ऐकलं होतं.

आम्हाला आधी बैलांचं हंबरणं ऐकू आलं. आईनं धाकलूला माझ्या हातात दिलं आणि ती वर पळाली. मी पोचले तेव्हा गाडी डाव्या अंगावर पडली होती. पोती फुटून तांदूळ उतारावर पसरला होता. चाक एकटंच खाली जाऊन कारवीच्या झुडपांत अडकलं होतं. काका गाडीच्या आणि दरडीच्या मध्ये होता. मागच्या गाडीवानांनी मिळून गाडी उचलली. त्यानं पाणी मागितलं, ते त्याला गिळता आलं नाही. सूर्य माथ्यावर यायच्या आत तो गेला.

काकी रडत नव्हती. ती खाली वाकून तांदूळ गोळा करत होती, आणि वाकताना तिच्या कमरेची कुणी खाली पडली. लोखंड दगडावर वाजलं. सगळ्यांनी तिकडं पाहिलं.

आईनं तिचा दंड धरला. "हिकडं कमरंला ठिवून तू हाय म्हणालीस? ह्यांनी इचारलं न्हवं तुला?"

"भावजींनी इचारलं, कुणी हाय," काकी म्हणाली. "मागं कुणी हाय का म्हणून. मी हुते की. मी हाय म्हटलं." मग, अगदी हळू, "ते माज्याशी पयल्यांदाच बोलले."

तिच्या गावात गाडी नव्हती. वंगण शिकवताना आईनं कुणी हा शब्द तिच्यासमोर वापरला होता, पण ती त्या लोखंडाला आपल्या गावच्या बोलीत खुटीच म्हणायची. टेकू घाईत निघाला तेव्हा ती खुटी तिच्या कमरेलाच राहिली होती, आणि उतारावर आबा कशाला ओरडतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

आईचा हात सुटला. आबा बैलांच्या मानेवरचं जू सोडत होते. त्यांनी ऐकलं, पण मान वर केली नाही.

काकाला ओढ्याकाठी अग्नी दिला. लाकूड रानातलंच. मग आबांनी चाक आणलं, स्वतः चढवलं आणि मागं न बघता हात पसरला. काकीनं कुणी त्यांच्या हातावर ठेवली. उरलेली पोती उळवीला पोचवली. देवळाच्या शिखराकडं आईनं लांबूनच हात जोडले. सुतक होतं.

उतारावरच्या त्या सकाळनंतर काकी गाडीत बसली नाही. परतीची सगळी वाट ती मागून चालत होती. तिच्या गावची पायवाट आली तेव्हा आबांनी गाडी थांबवली. आईला म्हणाले, "सांग तिला."

"तुमीच सांगा," आई म्हणाली. "मला तोंड न्हाई. शब्द मीच शिकवायला हवा हुता."

आबा बैलांकडं वळले. आईनं काकीचं गाठोडं काढलं आणि तिच्या हातात दिलं. काकी वाटेकडं तोंड करून उभी राहिली. आबांनी बैल हाकले. मी मागच्या तट्ट्यातून बघत होते. ती बराच वेळ तशीच उभी होती. मग तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि आमच्या चाकोरीतून चालायला लागली, मधे अंतर ठेवून, एखादी अनोळखी वाटसरू असावी तशी.

"आबा, काकी येतीया," मी म्हटलं.

त्यांनी बैल जोरात हाणले नाहीत आणि थांबवलेही नाहीत.

संध्याकाळी तळावर ती झाडाखाली बसली. आईनं भाकरी नेऊन दिली. सकाळी आम्ही उठलो तेव्हा उजव्या चाकाजवळ टेकू पडलेला होता. तिनं एकटीनं तो कसा दिला कुणास ठाऊक, पण दोन्ही चाकं वंगणलेली होती. आबांनी दोन्हीकडं फिरून हात लावून बघितलं. मग बैल जुंपले.

जोयड्याच्या अलीकडं उतार आला. आबांनी गाडी थांबवली. हाळी दिली नाही. खाली उतरून मागं आले आणि काकीच्या समोर उभे राहिले. ती पदर ओढायला लागली.

"खुटी घातलीस?" आबांनी विचारलं.

"घातली," ती म्हणाली.

ते परत जाऊन बसले. त्यांनी तिला वर बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. पुढं कित्येक वर्षं, मोटार लॉऱ्या येऊन गाडीचं काम सुटेपर्यंत, ती आमच्या मागून चालत राहिली. थंडीत आई तिला आत बोलवायची. ती म्हणायची, "न्हाई आक्का, मी चाकाशी बरी," आणि गाडीखाली, वंगणाच्या नळीशेजारी, अंग मुडपून निजायची.